बांधावरून दिसलेला रोग

“व्हायरस आहे अण्णा. सगळं उपटून टाका.”

भिंगरी हे बांधावरूनच म्हणाली. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली आणि अर्धं लक्ष रस्त्याकडे. फाट्यावर बस यायची वेळ झाली होती आणि तिथं तिची धाकटी जाऊ पाठीवर फवारणीचा पंप घेऊन एकटीच उभी होती. टोमॅटोच्या बांधालगतच्या ओळी तिच्या समोरच होत्या. पानं पिळवटलेली, शेंडे मुडपून खाली वळलेले, काही झाडं तर कुणीतरी कान पिरगाळल्यासारखी वाकडी उभी. अजून काय बघायचं?

“आत येऊन तरी बघ,” अण्णा म्हणाले.

“बघितलं की. इथून दिसतंय. पांढऱ्या माशीनं आणलाय. आज उपटलंत तर शेजारच्यांचं तरी वाचेल. एका जागी ढीग करा आणि वाळला की जाळून टाका.”

अण्णांना गावात पाठीमागे सगळे नाहीअण्णा म्हणत. बियाणं बदला म्हटलं की नाही, माती तपासा म्हटलं की नाही, चहा घेता का म्हटलं तरी आधी नाही आणि मग अर्धा कप. आजही ते नाही म्हणतील आणि आपल्याला हुज्जत घालत बसावं लागेल, अशी भिंगरीनं मनाची तयारी केली होती. पण अण्णांनी उभ्या पिकाकडे एकदा पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, “तू म्हणतेस तर उपटतो.”

तिला बरं वाटलं. चला, वेळ वाचला. पदर खोचून ती फाट्याकडे पळत सुटली.

पायाला भिंगरी लावलेली बाई म्हणून लग्न होऊन आली त्या वर्षीच तिला हे नाव पडलं होतं, आणि शेतीताई झाल्यावर तर ते पक्कं झालं. ती चालता चालता जेवायची आणि बोलता बोलता निघून जायची. पुढच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची, आणि ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं, हीच खरी अडचण होती. उत्तर बरोबर येणाऱ्या माणसाला थांबायला कोण शिकवणार?

शेतीताई हे काम निघालं तेव्हा पुरुषांना हसू आवरत नव्हतं. त्याआधी शेतीचे साहेब यायचे, ते पारावर बसायचे आणि पुरुषांना सांगायचे. कुठलं औषध, किती पाण्यात, कधी. पुरुष मान डोलवायचे. शेतात मात्र पाणी वाहायला बायका, तण काढायला बायका, रोपं लावायला बायका, आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं अर्धंमुर्धं पोचायचं. मग तालुक्याच्या शेती केंद्रातल्या मॅडमनी गावागावांतून बायका गोळा केल्या, त्यांना शिकवलं आणि इतर बायकांना शिकवायला पाठवलं. भिंगरी त्या पहिल्या खेपेतली. पहिले काही महिने तिला पाहून लोक दुसऱ्या वाटेनं जायचे. मग कुणाच्या तरी वांग्यावरची अळी गेली, कुणाचं तरी खत वाचलं, आणि हळूहळू तिच्या दारात सकाळी चार माणसं थांबायला लागली.

धाकटीला तिनंच या कामात आणलं. घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालली. दिराचं म्हणणं, एक भिंगरी पुरे आहे घरात. शेवटी तो कबूल झाला, पण अट घालून. सगळ्यांसमोर, ताट बाजूला सारत तो म्हणाला होता, “एक तक्रार आली ना, एक, की त्या दिवसापासून ही घरी.” धाकटी तेव्हा भिंतीकडे बघत होती. आज तिची परीक्षा होती. पास झाली की तीही शेतीताई, स्वतःच्या हक्काची.

बस मिळाली. भिंगरी सीटच्या कडेला बसून वाटभर धाकटीला प्रश्न विचारत राहिली आणि उत्तर यायच्या आधी स्वतःच देत राहिली.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका बाजूला रोपांचे ट्रे, दुसऱ्या बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं बी, मध्ये बाकं. बायका आपापल्या शेतातली किडकी पानं पिशव्यांतून घेऊन आल्या होत्या. मॅडम हळू बोलणाऱ्या, त्यामुळं सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. त्यांनी धाकटीला पुढं बोलावलं.

“समज, सकाळी या पंपानं तणनाशक मारलंय. आता याच पंपानं भाजीवर औषध मारायचंय. काय करशील ते करून दाखव.”

धाकटीनं पंप पुढं ओढला. मग तिचे हात सुरू झाले. टाकी लांब नेऊन रिकामी केली. साध्या पाण्यानं विसळली आणि ते पाणी नळीतून, नोझलमधून फवारून काढलं. धुण्याचा सोडा घालून पुन्हा भरली, मुरायला ठेवली. नोझल उघडून आतली जाळी वेगळी धुतली. पुन्हा साधं पाणी. हे सगळं करताना ती एकदाही भिंगरीकडे बघत नव्हती. शेवटी पंप पालथा घालून तिनं मॅडमना सांगितलं की तणनाशकाला आणि औषधाला दोन वेगळे पंप ठेवणंच खरं, पण दुसरा बिघडला तर एवढं करावंच लागतं. नाहीतर नळीत उरलेल्या थेंबानंही भाजी वाकडी होते.

मॅडम म्हणाल्या, पास. शिकवलं कुणी असं त्यांनी विचारल्यावर धाकटीनं भिंगरीकडे हात केला, तेव्हा भिंगरीचा ऊर भरून आला. अर्धी शेड टाळ्या वाजवत होती आणि ती मात्र बाहेर नळावर बाटली भरायला गेली, कारण डोळे पुसायला तिला जागा हवी होती.

धाकटी मागोमाग आली. चेहरा फुललेला. नळाखाली हात धरून ती हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, एक विचारू? एवढं सगळं परीक्षेपुरतंच असतं ना?”

“काय परीक्षेपुरतं?”

“हेच. सोडा, जाळी, दोनदा-तीनदा धुणं. आपण कुठं करतो एवढं? आपण तर एकदा विसळतो.”

“कधी विसळलं आपण एकदा?”

“मागं अण्णांकडे फवारायला गेलो तेव्हा नाही का? आपला दुसरा पंप बिघडला होता. सकाळी गिरणीवाल्याच्या कुंपणालगत तणनाशक मारलं आणि तसंच अण्णांकडे जायचं होतं. मी सोडा शोधत होते तर तुम्हीच म्हणालात, एकदा विसळ आणि चल, अण्णा नाही म्हणायच्या आत पोचलं पाहिजे.”

बाटली भरून वाहायला लागली होती. भिंगरीनं नळ बंद केला नाही. तिला तो दिवस लख्ख आठवला. अण्णा पहिल्यांदाच बायकांच्या हातून फवारणी करून घ्यायला तयार झाले होते. धाकटी फवारत होती आणि आपण बांधावर उभं राहून अण्णांना बोलण्यात गुंतवत होतो, त्यांचं मन बदलू नये म्हणून. धाकटीनं सुरुवात केली ती बांधाकडून. पहिली टाकी, पहिल्या ओळी.

आणि सकाळी आपण बघितल्या त्याही त्याच ओळी.

रोग असा रांग धरून येत नसतो. तो इथं एक झाड, तिथं एक झाड असा येतो, हे तिनं स्वतः कितीतरी बायकांना शिकवलं होतं. शेताच्या आत शिरा, चारी कोपऱ्यांत झाडं बघा, मग तोंड उघडा, असं ती बजावून सांगायची. पुढच्या ओळी कशा असतील? नळीत उरलेलं विष पहिल्या टाकीत निघून गेलं असेल, तर पलीकडच्या ओळींना काहीच झालं नसेल. आणि अण्णा सकाळपासून उपटतायत.

मॅडमना घरी काम निघालं एवढंच सांगून ती निघाली. धाकटीला काही कळेना, पण पंप उचलून तीही मागे पळाली. फाट्यापर्यंत भिंगरीनं अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. अण्णांचा फोन शेतातल्या खोपटात सदऱ्याच्या खिशात असायचा आणि सदरा खुंटीला, हे तिला माहीत होतं. तरी ती लावत राहिली.

बसमध्ये जागा रिकाम्या होत्या. भिंगरी दाराजवळ दांडा धरून उभीच राहिली. उभं राहिल्यानं बस लवकर जाते असं थोडंच आहे? पण बसवेना. कंडक्टरनं दोनदा बसा म्हटलं. तिनं धाकटीला सगळं सांगितलं, आणि सांगताना आपण सांगतोय म्हणजे अण्णांनाही सांगणार आहोत, हे दोघींनाही समजलं.

सीटवरूनच धाकटीनं भिंगरीच्या पिशवीचा पट्टा धरला.

“ताई, नका सांगू.”

“अगं उपटतायत ते.”

“उपटलं असेल एव्हाना. तुम्ही व्हायरस म्हणालात, अण्णांनी ऐकलं, संपलं. उपटलेलं झाड बघायला कोण येतंय?”

“राहिलेलं वाचेल.”

“आणि माझं काय वाचेल? फवारलं मी. घरी काय होईल ते तुम्हाला माहिती आहे.” तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कुणी काही विचारत नव्हतं. भाजीत मीठ किती हेसुद्धा नाही. आता बाया येतात, म्हणतात पान बघ गं जरा. मला पुन्हा आत नाही बसायचं, ताई.”

खरं सांगायचं तर भिंगरीला ते पटत होतं. सगळं पटत होतं. एका म्हाताऱ्याचे टोमॅटो एकीकडे आणि एका बाईचा उभा जन्म दुसरीकडे, असं मांडलं तर काय जड जातं हे सांगायला शिक्षण लागत नाही. आणि नुसती धाकटीच कशाला? उद्या गावात कळलं की बायकांनी पंप न धुता फवारलं, की पारावरच्यांना वर्षभराची करमणूक. चार गावांतल्या बायकांची कामं अडतील. तिला मॅडमचा चेहरा दिसला. आपल्या दारात थांबणारी माणसं दिसली, आणि ती आता पुन्हा दुसऱ्या वाटेनं जाताना दिसली. तिला स्वतःचा राग आला आणि थोडा धाकटीचाही आला, की विचारलंच कशाला. न विचारती तर ही परीक्षेची रात्र सुखात गेली असती.

पण बस वळणावर हळू झाली की तिच्या डोळ्यासमोर अण्णांचा हात यायचा. झाडाच्या बुडाशी धरून वर ओढणारा.

“तू घरी जा,” फाट्यावर उतरल्यावर ती धाकटीला म्हणाली. “पास झालीस ते सांग. बाकी काही बोलू नकोस.”

धाकटी रस्त्याच्या मधोमध पंप घेऊन उभी राहिली. भिंगरी पळत होती, वळून बघण्याइतकाही धीर तिच्यात नव्हता.

अण्णांचं शेत दिसलं आणि बांधालगतच्या त्या वाकड्या ओळी अजून उभ्या असलेल्या पाहून तिच्या जिवात जीव आला. वेळेवर आलो, असं तिला वाटलं. मग ती बांध ओलांडून आत शिरली, आणि त्या ओळींच्या पलीकडे जमीन मोकळी होती. नुसते खड्डे आणि एका बाजूला रचून ठेवलेल्या काठ्या. टोकाला कंबरेएवढा हिरवा ढीग. अण्णा खोपटाच्या सावलीत बसून तळहात चोळत होते. काकू, अण्णांची बायको, शेवटच्या काठ्या सोडवत होत्या.

“पलीकडून का सुरुवात केलीत?” तिचा श्वास पुरत नव्हता.

“इकडचं सकाळीच भिजवलं होतं. चिखलात कुठं पाय घालायचा? म्हटलं सुकेपर्यंत तिकडचं उरकू,” अण्णा म्हणाले. “का गं?”

भिंगरी ढिगाशी गेली. वरचंच एक झाड उचललं. पानं सपाट, हिरवीगार. शेंडा सरळ. खाली टणक हिरव्या फळांचा घोस. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं, हात घालून तळातलं ओढून काढलं. कुठं एखादं पान जरासं मुडपलेलं होतं, बाकी काही नाही.

तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली असेल. व्हायरस नव्हता. पंपात तणनाशक राहिलं होतं. पहिल्या ओळींना ते लागलं, पुढच्यांना नाही. मी आत येऊन बघायला पाहिजे होतं, मी बांधावरून बोलले.

“म्हणजे ही चांगली होती,” अण्णा ढिगाकडे बघत म्हणाले.

“हो.”

“सगळी?”

“हो अण्णा.”

अण्णांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलल्या त्या काकू. त्या भिंगरीशी नव्हत्या बोलत, हातातल्या काठीशी बोलत होत्या.

“मी म्हणत होते ह्यांना. इकडची पानं सरळ आहेत, नका उपटू. दोनदा म्हटलं. हे म्हणाले, तुला काय समजतंय, तिला जास्त कळतं.”

भिंगरीला रडू आलं, आणि आता रडायला जागा शोधायची तिला गरज वाटली नाही. अण्णा उठले. फवारलं तर तुझ्या जावेनं, असं ते म्हणाले. आरोप म्हणून नाही, आठवत म्हणून.

“तिनं फवारलं, पण धुवू दिलं नाही ते मी. ती सोडा शोधत होती, मी तिला ओढत आणलं. तुमच्या कानावर हेच असू दे. दिरानं विचारलं तर माझं नाव सांगा. त्यानं नाही विचारलं तरी सांगा.”

मग तिनं तिथंच उभं राहून मॅडमना फोन लावला. अण्णांना ऐकू जाईल असा. सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी आधी उभ्या ओळींचं काय करायचं ते विचारलं, तिनं सांगितलं ते बरोबर आहे म्हणाल्या. मग तितक्याच हळू आवाजात त्यांनी सांगितलं की उद्यापासून पंप आणि गाव दोन्ही धाकटीकडे दे, तू आता थांब. किती दिवस, हे भिंगरीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

फोन पिशवीत टाकून ती अण्णांना म्हणाली की बांधाकडच्या ओळी उपटू नका. लागलेली फळं तोडून पुरून टाका, खायची नाहीत. पिळवटलेले शेंडे खुडा, पाणी देत राहा. त्यातली काही झाडं नवीन फूट धरतील. सगळी नाही.

“नक्की?” अण्णांनी विचारलं.

“नक्की नाही सांगत. रोज येऊन बघते. शेतीताई म्हणून नाही, अशीच.”

अण्णांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते बांधाकडच्या ओळीत गेले आणि वाकून एकेक शेंडा खुडायला लागले. भिंगरीही त्यांच्यामागे निघाली होती, पण काकू मोकळ्या जमिनीत खाली बसलेल्या तिला दिसल्या.

त्यांनी ढिगातलं एक झाड ओढून आणलं होतं. ज्या खड्ड्यातून आलं असेल त्यातल्याच एकात ते उभं करून त्या हातानं माती लोटत होत्या. शेजारी पिण्याच्या पाण्याचा तांब्या. भर उन्हात उपटलेलं, मुळं तुटलेलं, फळांनी लगडलेलं झाड पुन्हा धरत नाही. हे भिंगरीला माहीत होतं, काकूंचा जन्म शेतात गेला होता, त्यांनाही माहीत असणार. झाड सारखं एका बाजूला कलत होतं. एका हातानं ते सावरून दुसऱ्या हातानं माती ओढणं काकूंना जमत नव्हतं.

भिंगरी त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं झाड सरळ धरलं. काकूंनी दोन्ही हातांनी माती दाबली, वर तांब्यातलं पाणी घातलं. ते मुरेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. मग काकू वर न बघता पुढच्या खड्ड्याकडे सरकल्या आणि त्यांनी हात मागे केला.

भिंगरी उठली, ढिगातून दुसरं झाड आणून तिनं त्यांच्या हातात दिलं.